हिरवं बटन

राजूरला गणपतीच्या देवळाकडून भोकरदनच्या रस्त्याला लागलं, की हारफुलांची आणि पेढ्यांची दुकानं संपतात आणि एका ओळीत पाच-सहा पत्र्याचे गाळे लागतात. त्यातल्या चौथ्या गाळ्यावर पाटी होती : ‘राजानंद मोटर वायंडिंग वर्क्स’. पुढं टेबल टाकून राजानंद बसायचा. जळालेली मोटार घेऊन आलेल्या माणसाला चहा पाजायचा, पावसापाण्याचं विचारायचा आणि “परवा घेऊन जा, बिलकुल नव्यासारखी” असं सांगायचा. त्याच्या पाठीमागं एक जाड हिरवा पडदा होता. पडद्यामागं त्याची बायको दीपमाला बसायची. मोटार खरी तिथं दुरुस्त व्हायची.

जळालेली मोटार उघडली की आधी वास येतो, केस जळाल्यासारखा. मग काळ्या पडलेल्या तारा छिन्नीनं तोडून ओढून काढायच्या, किती वेढे होते ते मोजायचं, खाचा घासून लख्ख करायच्या, प्रत्येक खाचेत कागद घालायचा आणि नवी तांब्याची तार वेढा-वेढा करून त्यात बसवायची. एक वेढा इकडचा तिकडं झाला तर सगळी मेहनत पाण्यात. दीपमालाच्या हातून वेढा चुकायचा नाही. पंधरा वर्षं ती हेच करत होती. राजानंदचे उस्ताद अजमतमामू जालन्याहून एकदा आले होते. त्यांनी पडदा सारून तिचं काम पाहिलं, खाचांवरून बोट फिरवलं आणि शिष्याला तोंडावर सांगितलं, “राजू, हाथ तो इसके हैं. तू सिर्फ पाटी बडी कर.” राजानंद हसला. दीपमालाही हसली. पाटी तेवढीच राहिली.

पण एक गोष्ट ती करायची नाही. मोटार भरून, वॉर्निश देऊन, सुकवून तयार झाली की ती बाकावर ठेवायची, तारा जोडायची आणि मग पडद्याबाहेर येऊन उभी राहायची. ट्रायल राजानंद घ्यायचा. भिंतीवर स्टार्टर होता, त्याला एक हिरवं बटन आणि एक लाल. हिरवं दाबलं की मोटार सुरू. ते हिरवं बटन दीपमालानं पंधरा वर्षांत एकदाही दाबलं नव्हतं. राजानंद अंबडला किंवा सिल्लोडला गेला, तर तयार मोटार दिवसभर बाकावर पडून राहायची आणि गिऱ्हाईक बाहेर बिडी ओढत बसायचं.

“आमच्या मंडळींच्या हाताला करंट धार्जिणा न्हाई,” राजानंद गिऱ्हाइकाला सांगायचा. गिऱ्हाईक हसायचं. पडद्यामागं दीपमाला मान खाली घालून तार ओढत राहायची. तिलाही ते खरंच वाटायचं.

ते सुरू झालं ती नऊ वर्षांची असताना.

तिचं माहेर अंबडकडं, निंबोळी नावाच्या लहानशा गावात. वडील आजारी असायचे. घर चालायचं ते आई गिरिजाबाईच्या मजुरीवर आणि तीन एकराच्या तुकड्यावर. विहीर होती ती मात्र चुलत्याच्या, कडूबातात्यांच्या वाट्याची. तात्या पाच गावांत मोटारीचे फिटर म्हणून नावाजलेले. कुणाची मोटार बंद पडली की सायकलवर पिशवी अडकवून तात्या निघायचे, आणि लोक त्यांना ‘मिस्त्री’ म्हणून हाक मारायचे, तेही आदरानं. वस्तीतल्या माणसाला गावानं आदरानं हाक मारावी, ही त्या काळी लहान गोष्ट नव्हती.

त्या दिवशी सकाळी विहिरीवर तीनच माणसं होती. तात्या बांधावर. त्यांचा चौदा वर्षांचा मुलगा धम्मपाल पंपाला एका हातानं धरून वाकलेला, दुसऱ्या हातानं तांब्यानं पंपात पाणी ओतत होता. आणि दीपमाला स्टार्टरच्या पेटीपाशी, टाचा उंचावून. तात्या ओरडले, “दाब गं दीपी!” तिनं दाबलं.

धम्मपालच्या तोंडातून आवाजसुद्धा आला नाही. तो पंपाला चिकटला आणि थरथरत राहिला. लाल बटन हिरव्याच्या खालीच होतं, पण दीपमालाचा हात तिथंच गोठला. तात्या धावत आले आणि त्यांनी पेटीतला फ्यूज उपटला. धम्मपाल वाचला. उजव्या हाताची तीन बोटं मात्र गेली.

संध्याकाळपर्यंत गावभर झालं : दीपीनं तो तयार नसताना बटन दाबलं. कुणी तिला मारलं नाही. मारलं असतं तर बरं झालं असतं. त्याऐवजी बायका तिला पाहिलं की गप्प व्हायच्या. शाळेत दिवा लावायची वेळ आली की पोरं म्हणायची, “दीपीला लावू देऊ नका.” चुलती तर तिच्या हातचं पाणी घ्यायची नाही. आणि गंमत बघा, पुढं तिचं लग्न झालं ते मोटारी भरणाऱ्याशीच. तार, कागद, वॉर्निश यांवर तिचा जीव जडला. रात्रंदिवस खाचा डोळ्यांपुढं फिरायच्या. पण बटनापाशी आली की नऊ वर्षांची व्हायची.

तिनं वायरमनच्या परीक्षेचा फॉर्म तीनदा भरून ठेवला होता. स्वतःच्या नावाचा परवाना, स्वतःचं दुकान, हे कुणाला न सांगितलेलं स्वप्न. लेखीची तिला चिंता नव्हती. पण प्रात्यक्षिकात साहेबासमोर जोडणी करून चालू करून दाखवावी लागते, असं तिनं ऐकलं होतं. तिन्ही वेळा शेवटच्या तारखेला फॉर्म तिनं चुलीत घातला. राजानंदला दोनदा ठाऊक झालं. तो म्हणाला, “कशाला जिवाला लावून घेती? मी हाय ना.” तेव्हा तिला ते प्रेम वाटलं होतं.

दोन वर्षांपूर्वी जूनमध्ये धम्मपालची बदली राजूरपासून चार किलोमीटरवरच्या जिल्हा परिषद शाळेत झाली. तो गुरुजी झाला होता, डाव्या हातानं सुंदर अक्षर काढायचा. अठ्ठावीस वर्षांत ही दोघं लग्नाकार्यात भेटली असतील, पण जयभीमच्या पुढं बोलणं गेलं नव्हतं. दीपमाला तर त्याच्या हाताकडं बघायचीसुद्धा नाही. पावसाळा संपता संपता शाळेच्या टाकीची लहान मोटार जळाली, आणि एका शनिवारी दुपारी तो ती मोटारसायकलवर बांधून दुकानात आला.

तिनं ती दोन दिवसांत भरली. सोमवारी तो न्यायला आला तेव्हा राजानंद जालन्याला एमआयडीसीतून तार आणायला गेला होता. मोटार बाकावर तयार होती.

“ट्रायल घे, मंग नेतो,” धम्मपाल म्हणाला.

“हे येऊ द्या. तेच घेतात.”

“दोन वाजता मधली सुट्टी संपती माझी. तूच लाव ना.”

दीपमाला पडद्याची कड बोटांत चुरगाळत उभी राहिली. धम्मपालनं स्टार्टरकडं पाहिलं, तिच्याकडं पाहिलं, आणि त्याच्या चेहऱ्यावरचा गुरुजी उतरला.

“दीपे, अजून?”

एवढ्या एका शब्दानं ती खाली बसली. तो स्टूल ओढून समोर बसला.  मग तो म्हणाला, “मला वाटायचं, तू आमच्यावर रागवलेली हाय म्हणून बोलत न्हाई. आमच्या बापानं जे केलं त्याच्यावर.”

“काय केलं तात्यांनी?”

“तुला म्हाईत न्हाई?”

“काय म्हाईत न्हाई, दादा?”

तो सांगू लागला. आदल्या दिवशीच त्या मोटारीनं तात्यांना झटका दिला होता. चांगला, हात मागं फेकणारा. घरी येऊन त्यांनी बायकोला सांगितलं होतं, मोटार उघडावी लागंल, पण पाणी तुटलं तर टोमॅटो जाईल, चार दिवस ढकलू. त्या सकाळी ते स्वतः रबरी चपला घालून आले होते आणि पंपाजवळ गेले नव्हते. धम्मपाल अनवाणी होता.

दीपमाला ऐकत होती. पण आता ती नऊ वर्षांची पोर म्हणून ऐकत नव्हती. पंधरा वर्षं मोटारी उघडणारी बाई ऐकत होती. तिनं कारागिरासारखं विचारलं, “अर्थिंग व्हतं का मोटारीला?”

“तार व्हती. पण उन्हाळ्यात शेळ्यांचं कुंपण केलं तवा बापानं ती काढून कुंपणाला बांधली.”

तिच्या डोळ्यांपुढं ती मोटार उघडी झाली, आतापर्यंत भरलेल्या हजारो मोटारींसारखी. आतली तार जळून बॉडीला चिकटलेली. करंट बॉडीत उतरलेला, जमिनीत जायला वाट नाही. मग कुणीही, कधीही, कितीही विचारून बटन दाबलं असतं तरी त्या लोखंडाला ओल्या हातानं धरलेला माणूस चिकटणारच होता. फिटरला हे पहिल्या दिवशी शिकवतात. पाच गावांच्या मिस्त्रीला हे ठाऊक नव्हतं असं कसं होईल? त्याला ठाऊक होतं. म्हणून तर चपला.

आणि त्यानं दाबायला पोर उभी केली होती.

“दादा,” तिचा आवाज तिलाच ओळखू आला नाही, “अठ्ठावीस वर्षं तुम्ही मला हे सांगितलं न्हाई?”

“घरात बोलायचं न्हाई, अशी तंबी व्हती. मंग मोठा झालो आन् वाटलं, आता तिला सगळं म्हाईत असंल. मोटारीचं काम करती, कळलं असंल.”

“मला कसं कळंल? मला कुणी सांगितलं का झटका बसल्ता म्हणून? चपला घातल्त्या म्हणून?” ती उभी राहिली. बाकावरचा पाना उचलून तिनं असा आपटला की शेजारचा टायरवाला डोकावला. “तुमची बोटं गेली, मला कळतं. पण तुमच्या बोटांचा हिशेब माझ्या नावावर मांडला तुमच्या बापानं, आन् तुम्ही गुरुजी होऊन लेकरांना खरं बोलायला शिकवून राह्यले!”

धम्मपालनं मान खाली घातली. तो मोटार न घेताच गेला.

संध्याकाळी राजानंदला तिनं सगळं सांगितलं. तो बूट काढता काढता म्हणाला, “जाऊ दे. झालं गेलं. म्हातारा आता किती दिवसाचा?” तिनं त्याच्याकडं पाहिलं आणि जेवायला वाढलं.  राजानंदला वाटलं, शांत झाली.

रविवारी ती पहिल्या गाडीनं निघाली. राजूर ते जालना, जालना ते अंबड, आणि अंबडहून निंबोळीची जीप. सकाळी दहाला ती गावात उतरली आणि आईच्या घरी न जाता थेट विहाराकडं गेली. विहाराच्या ओट्यावर तात्या बसले होते. चौऱ्याहत्तर वर्षांचे, पांढराशुभ्र सदरा, हातात काठी, भोवती चार-पाच माणसं. गावचे जुने पंच काकासाहेबही होते.

“जयभीम, तात्या.”

“दीपी? अगं ये ये. लई दिसांनी आली.”

“तात्या, त्या मोटारीला अर्थिंग व्हतं का?”

“कोणत्या मोटारीला?”

“धम्मपालदादाची बोटं गेली त्या.”

 तात्यांची काठी जमिनीवर दोनदा वाजली. काकासाहेब मध्ये पडले, “पोरी, जुनं कशाला उकरून काढती? इथं बुद्धाच्या दारात...”

“काकासाहेब, तुम्ही थांबा. मी मिस्त्रीला विचारून राह्यले. मीबी मोटारीचंच काम करते. कारागिराला कारागिरानं विचारलं तर त्यात पाप न्हाई.” ती तात्यांकडं वळली. “आदल्या दिवशी तुम्हाला झटका बसल्ता. अर्थिंगची तार तुम्ही शेळ्यांच्या कुंपणाला बांधल्ती. सकाळी रबरी चपला घालून आल्ते. खरं का खोटं?”

“तुला कोणी सांगितलं?”

“खरं का खोटं?”

तात्यांनी इकडंतिकडं पाहिलं. नाही म्हणाले नाहीत. खोटं बोलायचं वय निघून गेलं होतं, किंवा त्याची गरज वाटली नाही. ते हळू आवाजात म्हणाले, जणू समजूत काढताहेत, “तू लहान व्हती दीपी. लहान पोराचं नाव लोक चार दिवसांत इसरतात. माझं तसं न्हवतं. पाच गावच्या मोटारी माझ्याकडं यायच्या. मिस्त्रीच्या हातानं स्वतःचं पोरगं चिकटलं म्हणल्यावर कोण बोलावलं असतं मला? आन् तुझं काय अडलं सांग बरं? लग्न झालं, लेकरं झाली, नवऱ्याचं दुकान हाय. तुझं काय अडलं?”

वाटेत जीपमध्ये तिनं बरंच काही मनात जुळवून ठेवलं होतं. त्यातलं एक वाक्य तिला आठवेना. रडू येतंय म्हणून तिला अजूनच संताप आला.

“माझं काय अडलं? परीक्षेचा फॉर्म तीनदा जाळला मी. मोटार मी भरते आन् पडद्यामागं बसते. स्वतःच्या घरात दिव्याचं बटन दाबताना मी आधी डोळे मिटते, तात्या, अजूनबी! लोक हसतात, धार्जिणा न्हाई म्हणतात. मला वाटायचं माझ्या हातातच खोट हाय. खोट तुमच्यात व्हती. तुमच्या इज्जतीसाठी नऊ वर्षांच्या पोरीला तुम्ही खुंटीला टांगलं आन् इथं पांढरे कपडे घालून बसले!”

“आवाज कमी कर,” कुणीतरी म्हणालं.

“न्हाई करणार. तात्या, फक्त एवढं म्हणा. या चार माणसांसमोर म्हणा, की दीपीनं न्हाई केलं. मी जाते निघून.”

तात्या उठले. काठी टेकत ओट्याच्या पायऱ्या उतरले आणि घराकडं चालू लागले. एका पायरीवर त्यांचा तोल गेला, तर दोघांनी धावत जाऊन त्यांना सावरलं. दीपमालाच्या मनात आलं, पडू द्या. ते मनात आल्याची तिला लाज वाटली नाही.

आईच्या घरी बातमी तिच्या आधी पोचली होती. गिरिजाबाई चुलीपुढं बसली होती, हात पिठात.

“माय, तुला म्हाईत व्हतं?”

गिरिजाबाईनं पीठ मळणं थांबवलं नाही. “तुझ्या चुलतीनं सांगितल्तं. त्याच आठवड्यात.”

“आन् तू गप बसली?”

“तुझा बाप अंथरुणावर. विहीर तात्याची. पाणी तोडलं असतं त्यानं, तर तुम्हाला काय खाऊ घातलं असतं मी?”

हे कारण खोटं नव्हतं. दीपमालाला ते कळलंही. पण कळलं म्हणून राग विझत नाही. उलट तात्यांवरचा राग सोपा होता, हा मात्र गळ्यात काट्यासारखा अडकला. “म्हणजे पाण्यासाठी दिलं मला,” ती म्हणाली आणि उठली. आईनं मागून हाक मारली ती तिनं ऐकली, पण ती थांबली नाही.

सोमवारी सकाळी राजानंद देवळाकडं चहाला गेला होता. दीपमालानं शाळेची मोटार बाकावर घेतली. तारा जोडल्या. अर्थिंगची पकड बॉडीला लावली, काढली, पुन्हा लावली. सिरीजच्या बल्बनं बॉडी तपासली. बल्ब लागला नाही, म्हणजे बॉडीत करंट उतरत नव्हता. आता काही उरलं नव्हतं, बटन सोडून.

 शौर्यबिर्य काही वाटत नव्हतं. डोक्यात एकच वाक्य घुमत होतं : तुझं काय अडलं? त्या वाक्याचा तिला असा संताप आला की तिनं शिवी हासडली, मोठ्यानं, आयुष्यात पहिल्यांदा, आणि बटन दाबलं.

मोटार घुं घुं करू लागली. फिरेना.

दीपमालानं लाल बटन दाबलं. हात आपोआप गेला. मोटार गप्प झाली. तिला भीती वाटायला हवी होती, पण तिला भलतंच काही वाटलं : माझी मोटार, आणि फिरत नाही? तिनं नट सोडले, झाकण काढलं. मोटारीला सुरुवातीला धक्का देणारी जी कॉइल असते, तिचा एक जोड नळीखाली सुटा राहिला होता. तिनं तो घासला, पिळला, कथिल वितळवून डाख दिला. झाकण बसवलं. पुन्हा हिरवं. या वेळी मोटार फिरली, एकसारखी, खडखड नाही की गरम वास नाही. दीपमालानं बॉडीवर तळहात ठेवला आणि दोन-तीन मिनिटं तसाच राहू दिला.

राजानंद दारात उभा होता. किती वेळ, कुणास ठाऊक.

“जोड सुटा राह्यल्ता,” ती म्हणाली. “माझ्या हातून असं पहिल्यांदाच झालं.”

“पहिल्यांदा न्हाई,” राजानंद सहज बोलून गेला. “कधीमधी व्हतं. महिन्यातून एखादी. मी जोडून देतो.”

“आन् मला सांगितलं न्हाई?”

“तुला काहून सांगायचं? आधीच घाबरती.”

दीपमालानं मोटार बंद केली. “पंधरा वर्षं,” ती म्हणाली, “माझं काम तुमच्या नावावर गेलं, ते मी चालवून घेतलं. पण माझ्या चुकाबी तुम्हीच ठेवून घेतल्या? माणूस चुका बघून शिकतं. मला कुठं चुकतं तेच म्हाईत न्हाई!”

“मी तुझ्या भल्यासाठी...”

“तात्याबी असंच समजावत व्हते.”

हे राजानंदला लागलं. तो वाईट माणूस नव्हता. दारू नाही, मारहाण नाही, लेकरांवर जीव. पण बायकोची भीती त्याच्या दुकानाचा अर्धा खांब होती, हे त्यानं स्वतःशी कधी कबूल केलं नव्हतं. त्या दिवशी त्यानं दुपारपर्यंत तोंड फिरवलं, मग भांडला. “मी शिकवलं तुला, मी आणलं या धंद्यात. आता तू मला शिकवती?” ती म्हणाली, “अजमतमामूंनी तुम्हाला शिकवलं, मंग त्यांच्या नावाची पाटी काहून न्हाई लावली?”  पडदा तिनं स्वतः काढला. त्याचं तिनं हात पुसायचं फडकं केलं.

शाळेची मोटार ती स्वतः घेऊन गेली, ऑटोत घालून. धम्मपालनं पोरांना वर्गात बसवलं आणि तो बाहेर आला. तिनं टाकीजवळ मोटार बसवली, जमिनीत गज ठोकून अर्थिंगची तार ओढली आणि त्याला म्हणाली, “ही तार कुणी सोडली तर माझ्याशी गाठ हाय.” त्यानं मान हलवली. थोड्या वेळानं त्यानं विचारलं, “माझ्यावरचा राग जाईल का?”

“बघू,” ती म्हणाली. “सध्या तरी हाय.”

डिसेंबरात तिनं चौथा फॉर्म भरला. पहिल्या वेळी प्रात्यक्षिकात ती नापास झाली. समोरचा साहेब घड्याळ बघत होता आणि तिनं घाईत दोन तारा उलट्या जोडल्या. “मॅडम, घरी स्वयंपाकात पण अशीच गडबड करता का?” तो म्हणाला, आणि बाजूचे दोघं हसले. आधीची दीपमाला असती तर तिथून थेट घरी येऊन फॉर्मसारखी स्वतःच चुलीत गेली असती. ती म्हणाली, “साहेब, स्वयंपाक तपासायला आल्या नाहीत तुम्ही. तारा कुठं चुकल्या ते सांगा.” घाईत तिच्या तोंडून ‘आल्या’ गेलं, तर ते दोघं आता साहेबाला हसले. साहेबानं चिडून चूक दाखवली. पुढच्या खेपेला ती पास झाली.

परवाना आल्यावर तिनं वेगळा गाळा घेतला. तोही त्याच ओळीत, दोन दुकानं सोडून. राजूरला ते विचित्र वाटलं : नवरा-बायको एका घरात राहतात, एका ताटात जेवतात आणि धंदा मात्र वेगळा करतात. सुरुवातीला गिऱ्हाईक सवयीनं राजानंदकडंच जायचं. पण महिन्याभरात त्यानं स्वतः भरलेल्या मोटारी परत येऊ लागल्या, आणि मग एक दिवस तो स्वतः एक मोटार ढकलत तिच्या दारात आला. “ही भरून दे,” तो दुसरीकडं बघत म्हणाला. “पावतीवर तुझं नाव टाक.” तिनं टाकलं. आता मोठ्या मोटारी उतरवायला, विहिरीवर नेऊन बसवायला तो जातो, भरायला ती. चालू करून द्यायला विहिरीवर ती जाते आणि आधी अर्थिंग बघते. नसलं तर शेतकऱ्याच्या अंगावर अशी धावून जाते की लोकांनी तिचं नाव ‘अर्थिंगबाई’ पाडलं आहे. काही शेतकरी ती येणार म्हटलं की आदल्या दिवशीच तार ओढून ठेवतात.

या उन्हाळ्यात एक दिवस दुपारच्या गाडीनं गिरिजाबाई आली. न सांगता. राजूर तिनं कधी एकटीनं केलं नव्हतं, जालन्याच्या स्टँडवर तीन जणांना विचारत आली. दुकानाबाहेर उभी राहून तिनं पाटीकडं बघितलं. तिला वाचता येत नव्हतं.

“तुझं नाव हाय का?”

“व्हय.”

दीपमालानं तिच्याकडं स्टूल सरकवलं आणि पंखा तिच्या बाजूला वळवला. मग पुन्हा कामाला बसली. गिरिजाबाई बराच वेळ तिचे हात बघत राहिली.

“मी सांगितलं,” ती शेवटी म्हणाली. “पौर्णिमेला विहारात, वंदना झाल्यावर. समद्या बायांसमोर. दीपीनं न्हाई केलं, आन् मला म्हाईत असून मी गप बसले, असं दोन्ही सांगितलं. तात्या पुढंच बसल्ता.”

“काय म्हणाला?”

“काय म्हणंल? बसून राह्यला. तुझी चुलती आता माझ्याशी बोलत न्हाई. विहिरीवर जाऊ देत न्हाई. मी नळाचं भरते.”

दीपमालाच्या हातातली तार थांबली. तिला वाटलं होतं, हे ऐकलं की छातीवरचं काही उतरेल. तसं काही झालं नाही. एवढ्या वर्षांनी बोललेली आई एवढी वर्षं गप्प बसलेली आईही होती, आणि दोघी समोर एकाच स्टुलावर बसल्या होत्या.

“उशीर केला, माय,” ती म्हणाली.

“व्हय,” गिरिजाबाई म्हणाली. त्यापुढं तिनं एकही सबब सांगितली नाही.

दीपमालानं चहा मागवला. दोघींनी तो प्यायला. मुक्काम कर, असं ती आईला म्हणाली नाही. पण साडेपाचची जालन्याची गाडी दुकानासमोरून गेली, ती शेवटची होती, आणि हे ठाऊक असून तिनं आईला उठ म्हणून सांगितलं नाही.